प्रयोग आधी शिक्षकाने करावा

प्राथमिक शाळांतील विज्ञानाचा प्रश्न निघाला की आपल्याकडील चर्चा बहुधा साहित्यापाशी येऊन थांबते. प्रयोगशाळा नाही, परीक्षानळ्या नाहीत, भिंग नाही. तेव्हा अनुदान द्या, पेट्या पुरवा. मागणी गैर नाही. परंतु पेटी पोहोचल्यानंतर तिचे काय होते, हे पाहण्याची तसदी आपण क्वचितच घेतो. तिची नोंद जडवस्तूंच्या नोंदवहीत होते, फुटलेल्या काचेचा जाब शिक्षकाला द्यावा लागतो, आणि म्हणून किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात व पेटी कपाटात सुखरूप राहते. साहित्य शाळेपर्यंत जाते. ते मुलांसमोर उघडण्याचा धीर शिक्षकापर्यंत जात नाही.

हा धीर प्रवचनांतून येत नसतो. एक साधे उदाहरण घेऊ. बशीत पाणी ओतून मधोमध मेणबत्ती लावावी व तिच्यावर काचेचा पेला पालथा घालावा. ज्योत विझते आणि पेल्यात पाणी चढते. पिढ्यानपिढ्या मुलांना सांगितले गेले की हवेतील एक पंचमांश ऑक्सिजन जळून गेला व तेवढी जागा पाण्याने घेतली. आता शिक्षकाने त्याच पेल्याखाली एकीऐवजी तीन मेणबत्त्या लावून पाहाव्यात. पाणी अधिक चढते. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण मेणबत्त्यांच्या संख्येवर तर ठरत नाही! शिवाय नीट निरखले तर पाणी भराभर चढते ते ज्योत विझण्याच्या सुमारास व त्यानंतर. वस्तुतः ज्योतीने तापलेली हवा पेला ठेवतानाच प्रसरण पावून काही अंशी बाहेर गेलेली असते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचते, आणि पाणी चढण्याचे मुख्य कारण हे आहे. सगळा ऑक्सिजन संपण्याच्या कितीतरी आधी ज्योत विझते, ही गोष्ट तर पाठात येतच नाही.

ज्या शिक्षकाने हा प्रयोग स्वतः कधी केला नाही, त्याच्यासमोर एखाद्या मुलीने दुसरी मेणबत्ती लावण्याचा हट्ट धरला तर तो काय करील? तिला खाली बसवील. हा त्याचा दुष्टपणा नव्हे. आपल्या अज्ञानाचा बोभाटा होईल ही भीती त्यामागे आहे, आणि ती भीती ज्या प्रशिक्षणाने घालवायची, ते प्रशिक्षणच बहुतेक वेळा व्याख्यानाच्या रूपाने दिले जाते. कृतीतून शिकवा, असे दिवसभर खुर्चीवर बसवून ऐकवले जाते!

याहून वेगळी वाट मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरममध्ये, तीस वर्षे चालून दाखवली गेली. बनखेडीजवळची किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १९७२ साली १६ माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील व दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिक त्यात उतरले. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत पोहोचला, आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली. या कार्यक्रमाच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत उत्तरे छापलेली नसत. प्रयोगाच्या सूचना व प्रश्न असत. मुले टोळी करून प्रयोग करीत आणि उत्तर वहीत स्वतः लिहीत.

पण खरा क्रांतिकारक भाग पुस्तकाच्या अलीकडे होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षक सुमारे तीन आठवडे एकत्र येत आणि जे प्रयोग मुलांनी करायचे तेच प्रयोग, त्याच साहित्याने, त्याच टोळीपद्धतीने स्वतः करीत. एकाच टेबलाची लांबी चौघांनी मोजली तर चार आकडे येतात. त्यांतील बरोबर कोणता, असे विचारण्याची आपली सवय असते. ते वेगळे का आले हा प्रश्न शिक्षकाने आधी आपल्या सहकाऱ्यांशी भांडून सोडवलेला असेल, तरच वर्गात चाळीस आकडे आले तरी तो गांगरणार नाही. शाळा सुरू झाल्यावर दर महिन्याला बैठक होई, अडलेले प्रयोग तेथे पुन्हा केले जात; अनुवर्तनासाठी येणारी मंडळी तपासणी करण्यास नव्हे तर मदतीस वर्गात बसत. परीक्षाही बदलली. पुस्तक उघडे ठेवून लेखी उत्तरे लिहायची आणि प्रात्यक्षिक करून दाखवायचे. काही वर्षांत याच शिक्षकांतून इतर शिक्षकांना शिकवणारे तयार झाले आणि पुस्तकांच्या फेररचनेतही त्यांनी भाग घेतला. ज्याला सरकार दप्तरी आदेश पाळणारा शेवटचा नोकर मानते, तो माणूस अभ्यासक्रमाचा कर्ता झाला.

२००२ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम शाळांतून बंद केला. तेव्हा राज्यात काँग्रेसचे सरकार होते आणि बंदीची मागणी करणाऱ्यांत स्थानिक भाजपचे पुढारी होते. शिक्षकाचे स्वातंत्र्य काढून घेण्यावर दोन्ही पक्षांचे एकमत झाले, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे. परीक्षेच्या निकालांचे निमित्त पुढे करण्यात आले. वैज्ञानिकांनी व शिक्षणतज्ज्ञांनी निषेध केला, पण आदेश फिरला नाही.

महाराष्ट्राला ही दृष्टी परकी नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, नांगर वा वाकस हाती घेण्याची त्यांना लाज वाटू नये, असा आग्रह होता. हात आणि बुद्धी यांची फारकत ही जातिव्यवस्थेची देणगी आहे. ती वर्गात टिकली तर विज्ञानही पाठांतराचा एक नवा मंत्र होऊन बसते. संविधानात १९७६ साली वैज्ञानिक दृष्टिकोनाचे कर्तव्य घातले गेले, पण ते पार पाडण्याची सवय सहावीच्या वर्गात लागायची असते. आपल्या चळवळीतील कित्येक मित्र गावोगाव चमत्कारांमागील विज्ञान उघड करून दाखवतात. त्या कार्याचे मोल मोठे आहे, तरी मंचावर हात कार्यकर्त्याचे चालतात आणि मुले प्रेक्षक राहतात, हेही खरे.

आज आपल्याकडे केंद्र पातळीवर शिक्षण परिषदा होतात. म्हणजे मासिक बैठकीचा सांगाडा तयार आहे. त्यात भरली जातात ती परिपत्रके, माहितीचे तक्ते आणि मोबाइलवरून पाठवायचे अहवाल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक वगळता अशैक्षणिक कामे शिक्षकावर लादण्यास मनाई केली आहे, आणि त्या अपवादांच्या दारातून किती कामे आत येतात हे शिक्षकांना विचारावे. शिक्षक संघटनांतील आपल्या साथींनी वेतन व बदल्यांच्या मागण्यांबरोबर आणखी काही मागण्या लढवण्याची वेळ आली आहे. शिक्षण परिषदेचा निम्मा वेळ स्वहस्ते प्रयोग करण्यासाठी राखून ठेवावा. त्यासाठी प्रवासभत्ता मिळावा. फुटणारे साहित्य खर्ची टाकण्याचा अधिकार शाळेला असावा व दरवर्षी ते भरून मिळावे. आणि परीक्षेत प्रात्यक्षिकाला खरे गुण असावेत, कारण जे विचारले जात नाही ते जून महिन्यात कितीही उत्साहाने सुरू केले तरी दिवाळीनंतर वर्गात उरत नाही.