पाळण्यातले पाय आणि माँट्रिअलची मुलं

भाचीच्या मुलाचं सिनियर केजीचं प्रगतिपुस्तक परवा हाती आलं. रंग ओळखतो: अ. डबा संपवतो: ब. आणि तळाशी बाईंच्या गोल अक्षरात एकच शब्द, ‘ॲग्रेसिव्ह’. कुणाला मारलं, कधी, कशावरून, काही नाही. भाचीच्या सासूबाईंनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, “मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, ते काय उगीच?” पोरगं त्या वेळी सोफ्याच्या पाठीवर चढून उडीच्या बेतात होतं.

खरं तर ही म्हण कौतुकाची. तिच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते तिच्या अंगावर हल्ली चढवल्या जाणाऱ्या विज्ञानाच्या झुलीशी. ‘सहाव्या वर्षीचं वागणं पस्तिशीतला पगार सांगतं, संशोधनानं सिद्ध झालंय’ असं कुणीतरी ठोकून देतं आणि पालक धास्तावून मुलाला एकाग्रतेच्या क्लासला घालतात.

संशोधन मात्र खोटं नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात बालवर्गातल्या मुलांचं वागणं त्यांच्या शिक्षकांकडून नोंदवून घेतलं गेलं आणि ती तेहतीस ते पस्तीस वर्षांची झाल्यावर त्यांची आयकर विवरणपत्रं त्या जुन्या नोंदींशी ताडून पाहिली गेली. २०१९ साली त्याचे निष्कर्ष आले. २८५० जण होते. लहानपणी ज्यांचं लक्ष ठरत नव्हतं त्यांची कमाई सरासरीनं कमी भरली. बुद्ध्यांक आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावरही. घोळ होतो तो ‘सरासरीनं’ या शब्दापाशी. निरोप पुढे पाठवताना तोच नेमका गळतो. हजारोंच्या गर्दीतून निघालेला कल एका बंटीच्या कपाळी चिकटवला की त्याची पत्रिका होते, आणि पत्रिका पाहायला एवढ्या खर्चाची गरज नव्हती.

पत्रिकावाल्यांना खरं उत्तर त्याच प्रांतातून मिळतं. १९८४ साली माँट्रिअलच्या गरीब वस्त्यांतल्या ५३ शाळांत रिचर्ड ट्रँब्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवर्गातली १०३७ मुलं निवडली, सगळे मुलगेच. मारामारी, लाथा, चावे यांची नोंद सहाव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत शिक्षकांकडून होत राहिली. डॅनियल नेगिन आणि ट्रँब्ले यांनी १९९९ मध्ये त्या सगळ्या नोंदींतून मुलांच्या वाटा वेगळ्या काढल्या. बालवर्गात जवळपास एक तृतीयांश मुलगे चांगलेच मारकुटे होते. पंधराव्या वर्षापर्यंत तसेच राहिले ते एकूण मुलग्यांपैकी चार टक्के. म्हणजे मारकुट्या आठांतला एक! बाकीचे सात हळूहळू निवले. बालवर्गातल्या बाईंनी आठही जणांच्या पुस्तकात ‘ॲग्रेसिव्ह’ लिहिलं असतं, तर भविष्य म्हणून ते सात वेळा चुकलं असतं.

ट्रँब्लेंचं पुढचं म्हणणं तर आपल्या समजुतीच्या उलटं आहे. मूल मारायला शिकत नाही. मारणं सोडायला शिकतं. हात उगारणं सगळ्यात जास्त दिसतं ते दोन ते चार वर्षांच्या वयात. टीव्ही, मोबाइल, वाईट संगत यांच्या आधीच. ज्यांच्या घरात दीड-दोन वर्षांचं पोर आहे त्यांना याचा पुरावा रोज गालावर मिळतो.

इथे दुसरा पक्ष उठतो, आणि तो मला जास्त जवळचा आहे. तो म्हणतो, मग मोजताच कशाला? बालपण तक्त्यात भरायची गोष्ट आहे का? शिक्का बसतो तो असल्या तक्त्यांमुळेच. शिक्क्याबद्दलचा राग मला पटतो. पण मोजलंच नसतं, तर आठातले सात निवतात हे कळलं कसं असतं? सासूबाईंच्या म्हणीला मग उत्तरच उरलं नसतं. शिवाय माँट्रिअलवाले नुसते मोजत बसले नाहीत.

त्या १०३७ मधले सर्वांत दंगेखोर २५० मुलगे त्यांनी वेगळे काढले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून टाकले. ६९ जणांच्या वाट्याला मदत आली, १८१ जणांच्या वाट्याला नाही. सात ते नऊ या वयात दोन वर्षं ती चालली. शाळेत छोट्या गटांत खेळात सामील कसं व्हायचं, राग आला तर काय करायचं, याचे धडे. घरी येऊन आईबापांशी बोलणं, शिक्षा कधी आणि शाबासकी कधी. या गटांत एका दंगेखोर मुलाबरोबर तीन समजूतदार मुलं बसवली जात. आपल्या वर्गातला मागचा बाक आठवा. सगळे मस्तीखोर एकत्र, म्हणजे बाईंचं डोकं शांत!

चोविसाव्या वर्षी पाहिलं तेव्हा मदत मिळालेल्यांपैकी ४६ टक्क्यांनी हायस्कूल पुरं केलं होतं, न मिळालेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी. गुन्ह्याची नोंद होती अनुक्रमे २२ आणि ३३ टक्क्यांच्या नावावर. हा दुसरा फरक पहिल्याइतका पक्का नाही. आकडे डोळे दिपवणारे नाहीत, हे मीच सांगतो. मदत मिळूनही निम्म्याहून जास्त मुलगे हायस्कूलच्या अलीकडेच थांबले. ६९ हा आकडाही लहानच. त्यात मुली नाहीत, आणि हे सगळे फ्रेंच बोलणाऱ्या घरांतले मुलगे. त्यामुळे हेच आकडे सोलापुरात किंवा म्हापशात लागू पडतील असं कुणी म्हणालं, तर मी त्यालाही आडवा येईन. पण एक गोष्ट नाकारता येत नाही: बालवर्गातल्या नोंदीनंतर मोठ्यांनी काय केलं, यावर पुढचं काही अंशी तरी फिरलं. पत्रिकेत ही सोय नसते.

‘मदत ती मदत, बघत काय बसायचं वर्षानुवर्षं?’ असं म्हणणाऱ्या भल्या माणसांना अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांची गोष्ट सांगायला हवी. तिथे १९३९ साली ५०६ मुलग्यांच्या जोड्या लावून निम्म्यांना कित्येक वर्षं मदत दिली: समुपदेशक, शिकवण्या, उन्हाळी शिबिरं. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी त्या सगळ्यांचा माग काढला. मदत मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश जण सांगत होते की त्यांचं भलं झालं. नोंदी मात्र उलटं बोलत होत्या: वारंवार गुन्हे, दारूचं व्यसन, लवकर येणारा मृत्यू, हे मदत मिळालेल्यांतच जास्त. पुढच्या विश्लेषणात संशय शिबिरांवर गेला. बिघडू पाहणारी मुलं तिथे एकमेकांच्या संगतीत आणखी बिघडली असावीत. पुन्हा तोच मागचा बाक. तीस वर्षं थांबून पाहिलं नसतं, तर त्या उपक्रमाचे गोडवे आजही गायले गेले असते.

भाची मग शाळेत जाऊन बाईंना भेटली. ‘ॲग्रेसिव्ह’ म्हणजे नक्की काय, असं विचारल्यावर कळलं की घसरगुंडीच्या रांगेत पुढच्याला ढकलतो. एरवी फारसं काही नाही. आता रांग सुरू झाली की त्याला सगळ्यात पुढे उभं करून मुलं मोजायला सांगतात. या आठवड्यात दोनदाच ढकललं म्हणे. शुक्रवारी एकाला चावला मात्र.