वस्तीसोबत केलेलं संशोधन

‘चार बायकांशी गप्पा मारल्या, त्याला संशोधन कसं म्हणायचं?’ समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न हमखास ऐकवला जातो. आधी वर्गात पद्धतिशास्त्र पाठ करा, मग प्रश्नावल्या भरून आणा, टक्केवारी काढा. हाच शास्त्रीय मार्ग, असं त्यामागचं म्हणणं. ते मला साफ अमान्य आहे.

मुंबईतलं कौला बंदर पाहा. मुंबई बंदराच्या जमिनीवरची, सरकारदरबारी अघोषित वस्ती. ‘पुकार’ संस्थेने तिथे पाण्याचा आणि आरोग्याचा अभ्यास केला, तो वस्तीतल्याच तरुणांना संशोधक म्हणून तयार करून. माणशी किती पाणी मिळतं हे मोजलं गेलं, आणि ते मोजायलाच हवं होतं. पण अग्निशमनाच्या जलवाहिनीतून पंपाने उपसलेलं पाणी विकत घेऊन जगताना मनावर काय ताण येतो, हे प्रश्नावलीच्या रकान्यात मावत नाही. त्यासाठी सविस्तर मुलाखतीच घ्याव्या लागल्या. त्या अभ्यासात आकडे आणि मुलाखती एकमेकांचे वैरी नव्हते.

‘वस्तीतली मुलं तटस्थ कशी राहतील?’ हा दुसरा आक्षेप. बाहेरून येणारा तरी कुठे तटस्थ असतो? त्याचे पूर्वग्रह कुणी तपासत नाही, एवढाच फरक. शिस्त जन्मगावावर ठरत नाही. मुलाखत शब्दशः उतरवणं, तोच मजकूर दोघांनी स्वतंत्रपणे वाचून अर्थ ताडून पाहणं, आपल्या निष्कर्षाला छेद देणारी माणसं मुद्दाम शोधणं, नीट समजावून सांगून संमती घेणं ही खरी शिस्त. ती पुस्तकातून कळते, पण अंगी बाणते ती समोरचा माणूस ‘तू हे चुकीचं लिहिलंस’ म्हणतो तेव्हाच. ‘पुकार’चे संस्थापक अर्जुन अप्पादुराई यांनी 2006 साली संशोधन हा प्रत्येकाचा हक्क असल्याचं मांडलं. वस्तीला निव्वळ माहितीची खाण समजणाऱ्यांनी ते जरूर वाचावं.

मात्र विद्यार्थ्यांचे वस्तीत झाडू मारतानाचे फोटो म्हणजे लोकसहभाग नव्हे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे क्षेत्रीय प्रकल्पांना श्रेयांक मिळू लागले आहेत. त्यांची नुसती फाइल होऊ देऊ नका. प्राध्यापकांनो, विषय वस्तीला विचारून ठरवा, आणि गुण देण्याआधी अहवालाचा मसुदा मराठीत वस्तीसमोर वाचायला लावा.