"घरचीच" बाई आणि तिचे खाडे



१ मे हा कामकरी संत योसेफ यांचा सण. पोप पायस बारावे यांनी तो १९५५ साली सुरू केला. त्या दिवशी आपण वेदीजवळ करवत-रंधा ठेवतो, फोटो काढतो आणि घरी येऊन मोलकरणीचे खाडे मोजतो.

"ती आमच्या घरचीच आहे हो," असे सांगणारे आमच्या बेळगावात पुष्कळ भेटतात. घरची असेल तर ती तापाने पडली म्हणून पैसे का कापता? मुलगी आजारी पडली की तिचे जेवण कापता का? पगारवाढ मागितली की मात्र ती "घरची" होते. नाताळला करंज्या आणि जुनी साडी दिली की हिशेब मिटला! (साडीही बहुधा उसवलेली.)

मजुराचे पैसे सूर्य मावळण्याआधी द्या, असे अनुवादाचा २४वा अध्याय सांगतो. दाबून ठेवलेली मजुरीच देवाकडे ओरडते, असे याकोब म्हणतो. "ती तेवढ्यात राजी आहे" म्हणणाऱ्यांनी पोप लिओ तेरावे यांचे १८९१ चे 'रेरुम नोव्हारुम' वाचावे. नाइलाजाने पत्करलेली अट हा मजुरावरचा अन्यायच, हे त्यात स्पष्ट आहे.

मीही यातून सुटलेलो नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या बाईंच्या मुलाला डेंगी झाला, तेव्हा मी चार दिवस कापले. त्याच आठवड्यात वर्गात मुलांना द्राक्षमळ्याचा दाखला शिकवत होतो. परवा ते पैसे परत दिले. बाईंनी मोजले, पुन्हा मोजले आणि विचारले, "सर, हे कशाचे?"