पंगत गावात, सलाईन रस्त्यावर



20 फेब्रुवारी 2024 रोजी एकादशी होती. लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे हरिनाम सप्ताह चालू होता. रात्री सोमठाणा आणि खापरखेडच्या भाविकांनी भगर-आमटीचा प्रसाद घेतला आणि थोड्याच वेळात उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू झाली. शेकडो माणसे बीबीच्या ग्रामीण रुग्णालयाकडे धावली. आत जागा पुरेना. तेव्हा बाहेर रस्त्यावर माणसे निजवली, झाडांना दोर बांधले आणि दोरांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या. बहुतेकांना दुसऱ्या दिवशी घरी सोडले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, चार दिवस हळहळ झाली आणि विषय मिटला.

आमच्या मते तो मिटलेला नाही. सप्ताह, लग्न, तेरवी, भंडारा आणि संघटनेचे मेळावेसुद्धा. मोठ्या गंजात शिजवून तासन्‌तास वाढण्याची पद्धत सगळीकडे तीच आहे. 'विषबाधा' म्हटले की कोणी विष कालवले किंवा नशीब फिरले असे वाटते. बहुतेक वेळा तसे काही नसते. ते जिवाणूंचे पीक असते.

पिकाला बी, ओल, ऊब आणि वेळ लागतो. यालाही तेच लागते. बी हातावरून, पाण्यातून, भांड्यातून, मातीतून येते. ओल अन्नातच असते. 5 ते 60 अंश सेल्सियस ही त्याची ऊब. उरला वेळ, तो आपणच देतो. अनुकूल स्थितीत जिवाणू 20 मिनिटांत दुप्पट होतो. या हिशेबाने एकाचे आठ तासांत 1 कोटी 67 लाख होतात. चमचाभर विरजणाने तपेलीभर दूध रातोरात लागते, त्यातला हाच हिशेब.

'पुन्हा उकळी काढली की झाले' हा समज घातक आहे. बॅसिलस सिरियस हा जिवाणू मातीतून धान्याबरोबर येतो. नांगरटीत लव्हाळ्याच्या गाठी मरत नाहीत, तसे याचे बीजाणू उकळण्याने मरत नाहीत. मोठ्या गंजातील भात किंवा भगर मधोमध हळूहळू निवते, तेव्हा ते रुजतात आणि विष सोडतात. स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू वाढप्याच्या हातावरील जखमेतून, गळवातून किंवा नाकातून येतो. उकळीने तो मरतो, पण त्याने सोडलेले विष तसेच राहते. भगरीचा आणखी एक धोका म्हणजे बुरशी. दमट जागी साठवलेल्या जुन्या भगरीवर आणि तिच्या पिठावर ती लवकर धरते.

यावर शहाणे लोक म्हणतात, खेड्यातील माणूस अडाणी. हे आम्हाला मान्य नाही. याच जिल्ह्यात हिवरा आश्रमाच्या विवेकानंद जयंतीच्या महापंगतीत ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते आणि अफाट जनसमुदाय शिस्तीने जेवतो. शेगावच्या संस्थानाची स्वच्छता तर सगळ्यांना ठाऊक आहे. शिस्त आपल्यात आहे. ती गावच्या गंजापर्यंत न्यायची आहे.

म्हणून संघटनेच्या प्रत्येक मेळाव्यात आणि कार्यकर्त्यांच्या गावी हे नियम पाळावेत:

1. शिजलेले अन्न दोन तासांत वाढावे. उशीर होणार असेल तर मंद जाळावर वाफाळते ठेवावे. पंगती चार असतील तर स्वयंपाकही टप्प्याटप्प्याने करावा.

2. हाताला जखम किंवा पोट बिघडलेले असेल त्याने स्वयंपाकाला व वाढायला बसू नये. इतरांनी साबणाने हात धुवावेत.

3. पिण्याच्या टाकीत आदल्या दिवशी क्लोरीन टाकावे.

4. भगर नवी, कोरडी, वास नसलेली घ्यावी. तयार पीठ टाळावे.

5. कोणाला त्रास झालाच तर उरलेले अन्न फेकू नये. झाकून, थंड जागी, तपासणीसाठी ठेवावे. रुग्णाला एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे आणि दवाखान्यात न्यावे.

आता सरकारचे काम. 2006 चा अन्न सुरक्षा कायदा 2011 पासून लागू आहे. त्याखालच्या नियमांत धार्मिक-सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्याचीही नोंदणी येते. नोंदणीला आमची हरकत नाही. पण भंडाऱ्याला कायदा लावणाऱ्या सरकारने स्वतःचा हिशेबही द्यावा. ग्रामीण रुग्णालयाचे गणित 30 खाटांचे. गावोगाव हजारांच्या पंगती उठतात हे सरकारला ठाऊक नाही काय? सप्ताहाच्या आणि यात्रेच्या दिवसांत प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात जादा सलाईन, जादा डॉक्टर आणि रुग्णवाहिका सज्ज असलीच पाहिजे. अन्नाच्या नमुन्याचा अहवाल कागदात न ठेवता त्या गावच्या ग्रामसभेत वाचला पाहिजे.

पुढील जिल्हा बैठकीत प्रत्येक तालुका प्रमुखाने आपल्या रुग्णालयात खाटा किती, डॉक्टर किती, सलाईनचा साठा किती हे लिहून आणावे. ते आकडे घेऊनच आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ. अन्न पिकवणाऱ्याने जेवून आजारी पडावे आणि औषधासाठी झाडाखाली पडून राहावे, ही गोष्ट या जिल्ह्यात पुन्हा घडता कामा नये.