ओटा कुणाशी जुळवायचा?

माझ्या ओळखीच्या चार-पाच घरांत अलीकडे एक चांगली गोष्ट घडली. स्वयंपाकघरातली वीस-पंचवीस वर्षांची सागवानी कपाटे त्यांनी जुन्या बाजारात काढली नाहीत. सुतार बोलावला, दारे बिजागऱ्यांतून सोडवली, जुन्या पॉलिशचा तेलकट, काळपट थर पॉलिशपेपरने घासून काढला आणि आतून निघालेल्या लाकडाचा पिवळसर तांबूस रंग पाहून घरचीच माणसे चकित झाली. पण कपाटे उजळली, की त्यांच्या डोक्यावरचा ओटा एकाएकी कळकट दिसू लागतो. मग ‘आता दगडही बदलून टाकू’ असा सूर निघतो आणि घरात मतभेदांना प्रारंभ होतो. पत्रिका जुळवताना होत नाही इतकी चर्चा मी या एका दगडावरून ऐकली आहे.

आमच्या घरीही ती झाली. ह्यांना काळाभोर, आरशासारखा चकचकीत ग्रॅनाइट हवा होता. पुण्याहून सुटीला आलेल्या लेकीने मोबाइलवर पांढऱ्याशुभ्र क्वार्ट्‌झचे फोटो दाखवले. सासूबाई म्हणाल्या, “माझा कडप्पा काय वाईट आहे ग? तीस वर्षं त्याच्यावर काठवट ठेवून भाकरी थापली मी.” त्यांचे म्हणणे कुणी फारसे मनावर घेतले नाही. मला मात्र वाटते, मुद्द्याचे तेवढे एकच वाक्य त्या दिवशी बोलले गेले.

आपण सोलापूरकर काळ्या पाषाणावरच राहतो. दख्खनच्या पठाराचा हा बसाल्ट. आपला पाटा-वरवंटा त्याचाच. पण या दगडाची पातळ, सपाट फरशी सहजी निघत नाही. ती निघते आग्नेयेला, बसाल्टचा थर संपून भीमेच्या खोऱ्यातला चुनखडक उघडा पडतो तिथे. सोलापूरहून वाडीकडे जाताना गुलबर्ग्याच्या, म्हणजे आजच्या कलबुर्गीच्या पुढे शहाबाद स्टेशन लागते. तिथला दगड वहीच्या पानांसारखा थराथराने सुटतो. गावाचे नाव त्या फरशीला असे चिकटले, की कित्येकांना शहाबाद हे गाव आहे हेच ठाऊक नसते. चूल जमिनीवर होती तोवर ही फरशी पायाखाली होती. गॅस आला, बायका उभ्याने स्वयंपाक करू लागल्या आणि दगडही कमरेपर्यंत वर चढला. त्या जागी आंध्रातल्या कडपा जिल्ह्याचा काळा दगड येऊन बसला आणि महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांच्या स्वयंपाकाला त्याने पाठ दिली.

शहाबादी काय, कडप्पा काय, किंवा श्रीमंतांघरचा संगमरवर काय, ही सगळी चुन्याची भावंडे. चुन्याचे आणि आंबटाचे वैर असते. लिंबाची फोड, चिंचेचा कोळ, ताकाचा थेंब रात्रभर दगडावर राहिला, की सकाळी तिथे फिकट, निस्तेज वर्तुळ उमटते. तो डाग बाहेरून लागलेला नसतो, दगडच तेवढा झिजलेला असतो. म्हणून तो घासून जात नाही. पूर्वीच्या बायका कडप्प्याला खोबरेल तेलाचा हात फिरवीत, त्याने ते वर्तुळ झाकले जाई इतकेच. ग्रॅनाइटवर अशा आंबटाचा परिणाम होत नाही, कारण तो भूगर्भात थंड झालेल्या रसाचा, स्फटिकांचा दगड. आमटीला चिंच आणि तोंडी लावायला लिंबू लागणाऱ्या घरात ग्रॅनाइट सोयीचा, हे मला मान्य आहे. माझे भांडण त्याच्या चकचकीत काळ्या रंगाशी आहे.

दुकानदार सांगतो, “ताई, काळा कशावरही जातो.” दुकानात जातो. आमच्या घरात बोअरचे पाणी आहे, जड, क्षारांचे. काळ्या आरशावर ते वाळले, की पांढरे ओघळ राहतात आणि ज्वारीचे पीठ सांडले, की चांदणे पडल्यासारखे दिसते. दिवसातून चार वेळा ज्याच्या मागे फडके घेऊन धावावे लागते, तो ओटा कोणाच्या सोयीचा? ज्याला सोनेरी ठिपक्यांचा काळा ग्रॅनाइट म्हणून ‘गॅलेक्सी’ नावाने विकतात, तो आंध्रातल्या चिमकुर्तीचा दगड तर शास्त्राच्या भाषेत ग्रॅनाइटही नव्हे. व्यापारात कठीण, चकाकी घेणाऱ्या बहुतेक दगडांना एकच नाव. त्यामुळे नावावर जाऊ नये. नमुन्याचा तुकडा मागून घ्यावा, त्यावर एका बाजूला लिंबाचा रस आणि दुसऱ्या बाजूला हळद घातलेले तेल ठेवून रात्र जाऊ द्यावी. सकाळी दगड स्वतःच बोलतो.

आता रंगाचे. पॉलिश केलेले सागवान पिवळ्याकडून तांबड्याकडे झुकते आणि वर्षे जातील तसे गडद होते. त्याच्यासोबत मध्यम रंगाचा, बारीक दाण्यांचा करडा किंवा तपकिरी दगड शोभतो. शिवाय त्यावर पीठ दिसत नाही आणि पाण्याचा ओघळही. आपल्या शेजारचा इलकलचा तांबूस ग्रॅनाइट मला फार आवडतो. ज्या गावाची लुगडी सोलापूरच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या नेसली त्याच गावचा हा दगड. पण सागवान आधीच तांबूस असेल, तर दोघे एकमेकांशी भांडतात. लुगड्यावर त्याच रंगाची पण किंचित वेगळी चोळी घातल्यासारखे होते, चुकून झाल्यासारखे. तेव्हा करडाच बरा. दुकानात जाताना कपाटाचे एक सुटे दार रिक्षात घालून न्यावे, लोक हसले तरी हसू द्यावे. आणि दगडाचा नमुना घरी आणून तो सकाळच्या उजेडात आणि रात्री ट्यूबलाइटखाली, दोन्ही वेळा पाहावा. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी अरुंद बोळात उघडते. दुकानात दुधी करडा दिसलेला दगड तिथे शिसवी झाला.

एक व्यवहाराची गोष्ट, जी कुणी सांगत नाही. खर्च वाचवायला मिस्त्री सुचवतात, की जुना कडप्पा फोडू नका, त्याच्यावरच ग्रॅनाइट चिकटवू. ऐकायला छान. पण दगडाची जाडी आणि खालचा माल धरला, तर ओटा इंच-दीड इंच वर चढतो. भाजी चिरताना ते जाणवणार नाही. भाकरी थापताना जाणवेल, कारण भाकरी थापण्यात मनगटाबरोबर खांद्याचा भार लागतो आणि हात कोपरातून खाली यावा लागतो. मंगळवेढ्याची ज्वारी कितीही चांगली असो, उंच ओट्यावर थापणारीचा खांदा दुखणारच. हल्लीचे तयार ओटे भाकरी न करणाऱ्या घरांच्या मापाने येतात, असा माझा संशय आहे. म्हणून दगड निवडण्याआधी घरात भाकरी कोण थापते ते पाहावे, तिला ओट्याशी उभे करावे आणि तिच्या कोपराखाली चार-सहा बोटे सोडून रेघ मारावी.

कामाचा क्रमही उलटा होतो. बहुतेकजण दारे पॉलिश करून, लावून मग दगडवाल्याला बोलावतात. दगड कापताना उडणारा चिखल आणि धूळ ओल्या पॉलिशवर बसली, की सगळी मेहनत पाण्यात. दारांवर नंबर घालून ती गच्चीवर पॉलिशला ठेवावीत, तोवर ओटा बसवून घ्यावा आणि शेवटचा हात त्यानंतर मारावा. पॉलिशही लाखेचे नको. ते दिवाणखान्यातल्या खुर्चीला शोभते. शेगडीच्या धगीने आणि पाण्याने ते पांढुरके पडते. स्वयंपाकघरात मेलामाइन किंवा पीयू बरे.

राहता राहिला लेकीचा पांढरा क्वार्ट्‌झ. दिसायला तो देखणा आहे, यात वाद नाही. सागवानावर पांढरा दगड खुलतो हेही खरे. पण हा खाणीतून अखंड निघालेला दगड नव्हे. गारगोटीची भुकटी राळेत मळून, दाबून केलेली ही फळी. नऊ हिस्से भुकटी, एक हिस्सा राळ, असे साधारण प्रमाण. भाकरीचा तापलेला तवा त्यावर टेकवला, तर राळ जळून डाग पडतो. तो एक भाग झाला. दुसरा भाग मला अधिक अस्वस्थ करतो. ही फळी कोरडी कापली, की गारगोटीची अतिबारीक धूळ उडते आणि ती फुप्फुसात जाऊन बसते. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात आणि त्यावर उलटा इलाज नाही, गेलेले फुप्फुस परत येत नाही. ऑस्ट्रेलियात अशा ओट्यांचे काम करणारी तरुण मुले आजारी पडू लागली, तेव्हा त्या देशाने १ जुलै २०२४ पासून या फळ्यांचे उत्पादन, विक्री आणि बसवणेही बंद केले. आपल्याकडे सिलिकोसिस १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या रोगांच्या यादीत होता, पण गल्लीच्या तोंडाशी तोंडाला रुमाल बांधून ग्राइंडर चालवणारा पोरगा कुठल्या कारखान्यात मोडतो?

ग्रॅनाइटमध्येही गारगोटी असते, त्यामुळे त्याची धूळ निर्दोष असे नाही. प्रमाण या फळ्यांपेक्षा कमी, एवढेच. चुनखडकात त्याहूनही कमी. या शहराने गिरण्यांतल्या कापसाच्या फुफाट्याने छाती भरून आलेली माणसे पाहिली आहेत, विड्या वळणाऱ्या बायकांचे खोकले ऐकले आहेत. धुळीने काय होते हे सोलापूरला कुणी वेगळे शिकवायला नको. आपल्या कपाटाशी रंग जुळावा म्हणून दुसऱ्याच्या पोराने ती धूळ गिळावी, हे मला तरी परवडत नाही. लेकीला हे सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मग करडाच घेऊ.”

तर आमचा ओटा करड्या ग्रॅनाइटचा ठरला आहे, कडेला गोलाई असलेला, उंची सासूबाईंच्या रेघेबरहुकूम. जुना कडप्पा काढायचा, पण टाकायचा नाही. त्याच्या उभ्या पट्ट्या कापून कपाटांच्या मधल्या आधारांना लावायच्या आणि उरलेला एक चौकोन मोरीपाशी, पाण्याच्या घागरीखाली. ग्रॅनाइटवाल्याला मी अट घातली, की कापणी पाण्याची धार सोडूनच व्हायची, आणि तीही रस्त्यावर नाही. तो म्हणाला, “ताई, पाण्याची बोंब आहे, तुम्हाला माहीतच आहे.” एक पिंप आमच्याकडून भरून देईन, असे त्याला सांगितले आहे. पुढच्या गुरुवारी तो मापे घ्यायला येणार आहे.