सिगारची चव आणि विडीचा वास

"सिगार म्हणजे व्यसन नव्हे, ती एक संस्कृती आहे," असं आमचा एक मित्र म्हणाला, तेव्हा मी त्याच्याच गच्चीवर बसून त्याचीच सिगार ओढत होतो. म्हणून तिथे गप्प बसलो. पाहुण्याने यजमानाशी हुज्जत घालू नये, अशी आमच्या घरची शिकवण. पण तीन महिने झाले तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही. आता लिहूनच टाकतो. मित्र वाचेल, रागावेल, आणि ईदला शीरखुर्मा प्यायला येईलच.

जानेवारीची थंड रात्र, जळगाव. मित्र दुबईहून आलेला. त्याच्यासोबत एक लाकडी पेटी, आत क्यूबाच्या कोहिबा सिगार. आम्ही पाच-सहा जण: एक डॉक्टर, एक बांधकामवाला, दोन मास्तर आणि मी. मित्राने आधी आमचा वर्गच घेतला. सिगारला 65 ते 70 टक्के दमटपणा लागतो, नाहीतर वरचं पान तडकतं. आपल्याकडच्या मे महिन्यात केळीची पानं करपतात, तिथे क्यूबाच्या पानाचा काय निभाव लागणार? म्हणून पेटीत ओलावा धरणारी पाकिटं ठेवलेली. मग टोक कसं छाटायचं, दुसरं टोक ज्योतीपासून थोडं लांब धरून कसं शेकायचं, धूर छातीत न ओढता तोंडात कसा घोळवायचा, मिनिटाला एकच झुरका का घ्यायचा, राख का झटकायची नाही. पहिल्या तिसऱ्या भागात देवदार, मधल्यात कोको आणि कातडं, शेवटी मिरी.

मी खोटं बोलणार नाही. सिगार चांगली होती. देवदार सापडलं नाही, पण भाजलेल्या दाण्यासारखी आणि जुन्या लाकडी कपाटासारखी काहीतरी चव लागली, ती आवडलीही. त्यामागची कारागिरी खरी आहे. पश्चिम क्यूबातल्या पिनार देल रिओ प्रांतात वुएल्ता अबाहो नावाचा पट्टा आहे, तिथली तंबाखू सगळ्यात नावाजलेली. वरच्या आवरणाचं पान कापडाच्या सावलीखाली वाढवतात. पानं सावलीत वाळवतात, ढीग लावून आंबवतात, मग मुरवतात. आत तीन तऱ्हेची पानं: एक नीट जळण्यासाठी, एक वासासाठी, एक जोर येण्यासाठी. त्यांवर बांधणीचं पान, त्यावर आवरण. हे सगळं हाताने, एका चपट्या, अर्धगोल पात्याच्या मदतीने. ज्याने हे केलं त्या हाताला माझा सलाम. माझं भांडण ओढणाऱ्याशी आहे.

पहिला मुद्दा धुराचा. "आम्ही धूर आत घेत नाही, त्यामुळे धोका नाही," असं गच्चीवर दोनदा ऐकलं. डॉक्टरसाहेब मान खाली घालून बसले होते, म्हणून मी सांगतो. सिगारची तंबाखू सावलीत वाळवलेली आणि आंबवलेली, तिचा धूर क्षारधर्मी असतो. अशा धुरातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या कातडीतूनच रक्तात जातं, छातीपर्यंत जायची गरजच पडत नाही. आता आपल्या धुळ्याच्या बसस्टँडवरचा माणूस आठवा. डाव्या तळहातावर तंबाखू, त्यावर नखाने चुना, अंगठ्याने मळणं, दोन थापट्या, आणि बार ओठाखाली. तो चुना कशाला घालतो? तंबाखू क्षारधर्मी व्हावी आणि निकोटिन तोंडातूनच लवकर भिनावं म्हणून. क्यूबाचा कारागीर जे महिनोन् महिने पान आंबवून साधतो, ते आपला शेतमजूर चुन्याच्या डबीने अर्ध्या मिनिटात साधतो. रसायन एकच, तोंड एकच, आणि तोंडाला होणारा रोगही एकच. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते, हेही लक्षात असू द्या.

मग एकाला संस्कृती आणि दुसऱ्याला घाणेरडी सवय का म्हणायचं? उत्तर किमतीत आहे. एक सिगार काही हजार रुपयांची, तंबाखूची पुडी काही रुपयांची. देवदार आणि कातडं या चवी जिभेवर असतील किंवा नसतील, पण त्या उच्चारल्या की माणूस कुठे जाऊन आला आहे हे इतरांना कळतं. आमच्या मोहल्ल्यातले चाचा पन्नास वर्षं विडी ओढतात. कोणत्या पावसाळ्यातलं पान आहे, तंबाखू जुनी की नवी, हे ते एका झुरक्यात सांगतात. त्यांना कोणी रसिक म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. सून म्हणते, "अब्बा, बाहर जाकर पियो, बच्चे हैं." सून बरोबरच बोलते. पण त्याच घरातला मुलगा सिगार धरलेला फोटो मोबाइलच्या स्टेटसवर ठेवतो, तेव्हा तीच सून त्याला लाइक करते.

ही गोष्ट नवी नाही. तंबाखू मुघल दरबारात गेली ती आपल्या दख्खनमधूनच. अकबराचा माणूस असद बेग 1604 च्या सुमारास विजापूरहून परतताना ती घेऊन गेला आणि रत्नजडित हुक्क्यात भरून बादशहापुढे ठेवली. हकिमांनी हरकत घेतली, की या पदार्थाचा कुणालाच अनुभव नाही. बादशहाने दोन-चार झुरके घेतले, पुढे सवय लावून घेतली नाही. पण उमरावांमध्ये ती झपाट्याने पसरली. हुक्का रत्नजडित होता, मग हकिमाचं कोण ऐकतं? 1617 मध्ये जहांगीरने बंदीचं फर्मान काढलं, तोवर फार उशीर झाला होता. चारशे वर्षांनी रत्नांच्या जागी देवदाराची पेटी आली, आणि आमचे डॉक्टरसाहेबही गप्पच बसले.

दुसरा मुद्दा हाताचा, आणि हा मला जास्त लागतो. माझी खाला सिन्नरला विड्या वळायची. सिन्नर, संगमनेर, सोलापूर, कामठी, ही महाराष्ट्रातली विडीची गावं. तेंदूपान भिजवायचं, ओल्या फडक्यात ठेवायचं, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, टोक नखाने मुडपायचं, दोरा बांधायचा. सुपात हात चालायचे, तोंडाने ती आम्हाला गोष्टी सांगायची, नजर दारावरच्या पडद्याकडे. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने. त्यातूनही चेकर काही विड्या वाईट म्हणून बाजूला काढायचा, त्यांचे पैसे नाहीत. खालाची बोटं आणि हवानातल्या बाईची बोटं यांत मला फरक दिसत नाही. कोहिबा जिथे प्रथम बनली त्या एल लागितोच्या कारखान्यात सुरुवातीला बायकाच सिगार वळत होत्या. तिथली सिगार 'हाताने वळलेली' म्हणून महाग होते. खालाची विडीही हाताने वळलेली होती, आणि म्हणूनच स्वस्त होती, कारण तो हात स्वस्त होता.

आपल्या कायद्याने मात्र ही एक पंगत मांडली होती. 1966 चा कायदा 'विडी आणि सिगार कामगार' असा दोघांना एकत्र घेऊनच आला. 1976 मध्ये विडी कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा झाला. विड्यांवरच्या उपकरातून दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या, घरांना मदत. 2017 मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. 1966 चा कायदाही 2020 च्या श्रमसंहितेत विरघळला. यावर आमच्या गच्चीवर एक शब्द निघाला नाही. सोलापुरात विडी कामगार बायकांनी संघटना करून लढून गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी केली, 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्या सोहळ्याला आले. तंबाखूच्या इतिहासात संस्कृती म्हणण्यासारखं काही शोधायचं असेल तर मी तिथून सुरुवात करेन.

क्यूबात तर ती आणखी सापडेल. 1865 पासून हवानाच्या सिगार कारखान्यांत एक वाचक बसवायची पद्धत पडली. कामगार वर्गणी काढून त्याला पैसे देत. हात पानं वळत आणि तो वर्तमानपत्रं, कादंबऱ्या मोठ्याने वाचत असे. माँटेक्रिस्टो हे सिगारचं नाव द्यूमाच्या कादंबरीवरून आलं, ते कामगारांना ती फार आवडे म्हणून, असं सांगतात. केरळात कण्णूरकडे विडीच्या कारखान्यांतही एक जण पेपर वाचायचा आणि बाकीचे वळायचे. तिथल्याच कामगारांनी 1969 मध्ये दिनेश बिडी ही सहकारी संस्था काढली. माझी खाला मात्र घरात एकटी बसून वळायची. तिला कोण वाचून दाखवणार? उलट ती आम्हालाच पाढे म्हणायला लावायची.

तिसरा मुद्दा आमच्या समाजाचा. गच्चीवर एकाने विचारलंच, "सिगार मकरूह की मुबाह?" तंबाखू आपल्याकडे आली ती फार उशिरा, त्यामुळे उलेमांची मतं शतकानुशतकं वेगळी राहिली: कोणी मुबाह म्हणालं, कोणी मकरूह, कोणी हराम. मी मुफ्ती नाही, त्यात पडत नाही. मला एवढंच दिसतं की जुम्म्याच्या बयानात गुटखा खाणाऱ्या पोरांची खरडपट्टी निघते, आणि ती निघावीही. पण मशिदीला मोठी देणगी देणाऱ्याच्या सिगारवर बयान झालेलं मी अजून ऐकलेलं नाही. आपला दीन श्रीमंताच्या धुराला सूट देतो, असं मला तरी कोणी शिकवलेलं नाही.

आणि हे सगळं लिहिण्याचं खरं कारण आता सांगतो. धुळ्यात माझा एक चुलत भाऊ आहे. पॉवरलूमवर रात्रपाळी करतो. झोप येऊ नये म्हणून विसाव्या वर्षी गुटखा धरला. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण त्याला तो मिळायचा कधी थांबला नाही. आज त्याचं वय चाळीसच्या आत आहे आणि त्याचं तोंड उघडत नाही. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये दोन बोटं जेमतेम जातात. भाकरी बारीक तुकडे करून, रश्श्यात भिजवून खातो. गेल्या ईदला लहान मुलांनी त्याच्यासमोर बर्फाचा गोळा धरला, त्याने हसून मान फिरवली. राज्यातल्या प्रौढांमध्ये धूर ओढणारे शंभरात चारसुद्धा नाहीत, पण न ओढता तंबाखू खाणारे, लावणारे चोवीस आहेत, असं 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीने सांगितलं. त्यात मशेरी घासणाऱ्या आपल्या आया-बहिणीही आल्या. खान्देशाची तंबाखू ही तोंडाची गोष्ट आहे. अशा ठिकाणी चार शिकलेली माणसं गच्चीवर बसून 'तोंडात घोळवा, काही होत नाही' म्हणतात, तेव्हा ते खालच्या गल्लीत ऐकू जातं. पानटपरीवरच्या पोराला देवदार कळत नाही. त्याला एवढंच कळतं की मोठ्या लोकांनाही चालतं.

कोणी म्हणेल, तू स्वतः ओढलीस आणि आता उपदेश करतोस. बरोबर आहे. ओढली, आवडली, म्हणूनच सांगतो की आवडण्यात काही मोठेपणा नाही. बंदी घाला असंही मी म्हणत नाही, गुटखाबंदीचं काय झालं ते आपण बघतोच. ज्या फिदेल कास्त्रोच्या ओठांमुळे कोहिबा जगभर गाजली, त्याने स्वतः 1985 मध्ये सिगार सोडली, देशातल्या लोकांना तंबाखू सोडा म्हणायचं होतं म्हणून. क्यूबाचं अनुकरणच करायचं तर त्याचं करा.

मित्राला माझी विनंती दोनच गोष्टींची. पुढच्या वेळी पेटी उघडशील तेव्हा त्याला संस्कृती म्हणू नकोस, शौक म्हण. शौक या शब्दात लपवाछपवी नाही. आणि दुसरं, आपल्या डॉक्टरला घेऊन एका रविवारी मोहल्ल्यात ये. पोरांना तोंड उघडायला सांगू. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का ते बघायचं. जात नसतील, किंवा तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम असेल, तर त्याला चक्करबर्डीच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं, उद्यावर न ढकलता. रमजानमध्ये हीच पोरं सहरीपासून इफ्तारपर्यंत पुडीला हात लावत नाहीत. म्हणजे जमतं. उरलेल्या तासांसाठी कोणीतरी सोबत बसायला हवं.

चहा माझ्याकडून. सिगार घरी ठेवून ये.