मनाचा दवाखाना : खर्च किती, इंजेक्शन कसले?

झोप उडाली, जेवण गोड लागेना, शेताकडे पाय वळेना. असे पंधरा दिवस चालले तर तो आळस नव्हे, आजार समजावा. मग घरात पहिला प्रश्न निघतो तो पैशाचा. (अंगारे-धुपाऱ्याचा हिशेब मात्र कोणी विचारीत नाही!)

खाजगी डॉक्टरांकडे जाताना संकोच न धरता आधीच विचारावे : एका बैठकीचे किती, बैठका साधारण किती, औषध त्यातच की वेगळे? बोलण्याचा उपचार एका फेरीत संपत नाही, बहुधा काही आठवडे चालतो. तेव्हा एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरीही धरा. ऐपत नसेल तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात व सावंगीच्या विनोबा भावे रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर रात्रीही फुकट बोलता येते.

केटामाईन हे मुळात भुलीचे औषध. दोन औषधे पुरेसे दिवस घेऊनही उदासी हटली नाही, तरच तज्ज्ञ त्याचा विचार करतात. आराम काही तासांत वाटतो, पण बहुधा काही दिवसांत ओसरतो. म्हणून ते पुन्हापुन्हा घ्यावे लागते, खर्चही वाढतो. रक्तदाब चढतो, भास होतात, लतही लागू शकते. त्यामुळे ते दवाखान्यातच, देखरेखीखाली घ्यावे. त्या दिवशी मोटारसायकल, ट्रॅक्टर चालवू नये. सोबत माणूस न्यावा.

आणि घरात कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलले, तर फवारणीचे औषध कुलपात घाला, किल्ली शेजारी द्या व त्याच दिवशी दवाखाना गाठा.